आकड्याच्या शेजारी काय लिहावे: वित्त व्यावसायिकांच्या ईमेल आणि प्रसिद्धी-लेखनाविषयी

गुंतवणूक सल्लागार, विमा सल्लागार, कर सल्लागार किंवा लोकांचा पैसा सांभाळणारी एखादी संस्था जेव्हा ईमेल पाठवते, तेव्हा तो इतर विक्रेत्यांच्या ईमेलसारखा वाचला जात नाही. एखाद्या वस्तूची जाहिरात आवडली नाही तर ती पुसून टाकता येते आणि विषय तिथेच संपतो. ‘आपल्या गुंतवणुकीविषयी’ असे शब्द दिसले, की वाचणाऱ्याच्या मनात आधी धास्ती किंवा आशा उभी राहते आणि मजकूर समजून घेण्याची पाळी त्यानंतर येते. त्याला तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात: माझ्या पैशांचे काय झाले किंवा होणार आहे, मी आता काय करायचे आहे, आणि हे मला सांगण्यात तुमचा काय लाभ आहे. या क्षेत्रातील बहुतेक मजकूर यांपैकी एकाही प्रश्नाकडे न वळता बाजाराच्या सर्वसाधारण वर्णनात संपून जातो.

परिणामकारक लेखन म्हणजे आकर्षक लेखन, आणि नियम म्हणजे त्या आकर्षकपणाला लागलेली कात्री, अशी समजूत या व्यवसायात खोलवर रुजलेली आहे. माझे मत याच्या नेमके उलट आहे. पैशांविषयीच्या लेखनाची ताकद कशाच्या शेजारी काय लिहिले आहे यावर ठरते: फायद्याच्या शेजारी जोखीम, परताव्याच्या शेजारी शुल्क, सल्ल्याच्या शेजारी सल्ला देणाऱ्याचा हितसंबंध. निरनिराळ्या देशांतील नियामकही शब्दांत थोडाफार फरक ठेवून हेच मागतात, आणि सावध वाचकही नकळत हेच शोधत असतो.

प्रथम ईमेल घेऊ, आणि त्यातही सर्वांत कठीण ईमेल, म्हणजे बाजार घसरल्यानंतर पाठवायचा. तो बहुधा असा लिहिला जातो: ‘जागतिक स्तरावरील आर्थिक अनिश्चितता, व्याजदरवाढीची शक्यता आणि भू-राजकीय तणाव यांच्या पार्श्वभूमीवर समभाग बाजारात अल्पकालीन अस्थिरता दिसून येत असली, तरी दीर्घकालीन चित्र सकारात्मक असल्याचे आमचे मत आहे. गुंतवणूकदारांनी घाबरून जाऊ नये.’ या वाक्यांत खोटे काहीच नाही. मात्र वाचणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या पैशांविषयी एकही गोष्ट कळत नाही, आणि ‘घाबरू नये’ हे शब्द वाचून घाबरण्यासारखे काहीतरी घडले आहे एवढेच त्याच्या लक्षात येते.

तोच ईमेल असा लिहिता येईल: ‘गेल्या दोन आठवड्यांच्या घसरणीत आपल्या एकूण गुंतवणुकीचे मूल्य सुमारे सहा टक्क्यांनी कमी झाले आहे. पुढील तीन वर्षांत आपल्याला लागणारी रक्कम आपण ठेवींत आणि अल्प मुदतीच्या रोख्यांत ठेवली आहे. तिच्यावर या घसरणीचा फारसा परिणाम झालेला नाही. आज आपण काहीही करण्याची गरज नाही. घसरण आणखी वाढू शकते, आणि ती कधी थांबेल हे मला सांगता येणार नाही. दरम्यान आपल्या उत्पन्नात किंवा गरजांत काही बदल झाला असेल, तर मला अवश्य कळवा, कारण तसे असल्यास आपली योजना तपासून पाहावी लागेल.’

या सहा वाक्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. वाईट बातमी पहिल्याच वाक्यात आणि आकड्यासह येते, कारण ती लांबवल्यास वाचक ती शोधत शोधत मजकूर चाळतो आणि मधले काहीच त्याच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात त्या आकड्याचा त्याच्या आयुष्याशी असलेला संबंध आहे. चौथ्यात कृती आहे; ‘काहीही करू नका’ हीसुद्धा कृतीच असते आणि ती स्पष्टपणे सांगावी लागते. पाचवे वाक्य अनेक जण गाळतात, कारण अज्ञान कबूल केल्यास आपली किंमत कमी होईल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात सल्लागाराला बाजाराचे भविष्य कळत नाही हे ग्राहकाला ठाऊकच असते, आणि सल्लागार ते उघडपणे मान्य करतो की नाही, याकडे त्याचे लक्ष असते.

डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसाला तेवढ्याच रकमेच्या लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख अधिक तीव्रतेने जाणवते, आणि त्यांच्या १९९२ च्या लेखातील अंदाजानुसार हे प्रमाण दुपटीहून थोडे अधिक होते. म्हणून सहा टक्के घसरणीचा ईमेल आणि सहा टक्के वाढीचा ईमेल हे एकाच साच्यात शब्द बदलून लिहिता येत नाहीत. घसरणीच्या ईमेलमध्ये वाक्ये लहान हवीत, संदर्भ कमी हवेत आणि फोनवर बोलण्याची सोय डोळ्यांसमोर हवी.

असा ईमेल सर्व ग्राहकांना एकाच वेळी पाठवता येत नाही, ही अडचण खरी आहे. दरमहा पैसे काढून त्यावर घर चालवणाऱ्या निवृत्त व्यक्तीसाठी घसरण ही अडचण असते, तर पुढची वीस वर्षे दरमहा पैसे गुंतवणाऱ्या तरुण व्यक्तीला त्याच घसरणीत कमी भावाने खरेदी करता येते. म्हणून ग्राहकांचे वयाप्रमाणे गट करण्यापेक्षा पैसा कधी लागणार आहे त्याप्रमाणे तीन-चार गट करावेत आणि प्रत्येक गटासाठी वेगळा मजकूर लिहावा. शेकडो जणांना एकच गुळगुळीत मजकूर पाठवण्यापेक्षा चार मजकूर लिहिण्याला वेळ अधिक लागतो, पण उत्तरे येतात ती अशाच ईमेलना.

विषयाच्या ओळीसंबंधी फार सांगण्यासारखे नाही. आत जे आहे तेच तिच्यात असावे, मुख्य शब्द सुरुवातीला असावेत, कारण फोनच्या पडद्यावर पुढचा भाग कापला जातो, आणि ‘तातडीचे’, ‘शेवटची संधी’ यांसारखे शब्द खरोखर तशी वेळ असल्याशिवाय वापरू नयेत. ‘महत्त्वाची सूचना’ या ओळीपेक्षा ‘आपल्या विम्याचे नूतनीकरण: ३० तारखेपर्यंत एक सही हवी’ ही ओळ अधिक उपयोगी आहे. एका ईमेलमध्ये एकच काम सांगावे. दोन कामे सांगितली तर सोपे काम होते आणि महत्त्वाचे राहून जाते.

आता आकड्यांकडे वळू. वित्तीय लेखनातील दिशाभूल बहुतेक वेळा खऱ्या आकड्यांनीच होते, म्हणून येथे अधिक थांबणे आवश्यक आहे.

सरासरीचे उदाहरण घ्या. एखादी गुंतवणूक पहिल्या वर्षी पन्नास टक्क्यांनी वाढली आणि दुसऱ्या वर्षी पन्नास टक्क्यांनी घटली, तर दोन वर्षांची साधी सरासरी शून्य येते आणि वाचकाला वाटते की मुद्दल तरी शाबूत आहे. प्रत्यक्षात १०० चे १५० झाले आणि १५० चे ७५ झाले. म्हणजे एक चतुर्थांश पैसा गेला. म्हणून अनेक वर्षांचा परतावा सांगताना चक्रवाढ पद्धतीने काढलेला वार्षिक दर द्यावा, आणि शक्य असेल तर दराबरोबरच ‘तेव्हाचे १०० आज इतके’ असे सांगावे. टक्केवारी समजायला मनात गणित करावे लागते, तर रकमेला ते लागत नाही.

शुल्काची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण एक टक्का हा शब्द कानाला क्षुल्लक वाटतो. वार्षिक सात टक्के दराने १०० ची रक्कम तीस वर्षांत सुमारे ७६१ होते. सहा टक्के दराने ती सुमारे ५७४ होते. वर्षाला एक टक्का शुल्क म्हणून गेल्यास तीस वर्षांनंतर हाती येणारी रक्कम जवळपास एक चतुर्थांशाने कमी होते. जो सल्लागार हे गणित स्वतःहून मांडतो आणि त्या शुल्काच्या बदल्यात आपण कोणते काम करतो ते पुढच्याच वाक्यात सांगतो, त्याला शुल्काविषयीचे अवघड संभाषण वेगळे करावे लागत नाही. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने (तेथील भांडवली बाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगाने) डिसेंबर २०२० मध्ये स्वीकारलेल्या आणि ४ नोव्हेंबर २०२२ पासून पाळणे बंधनकारक झालेल्या नियमात गुंतवणूक सल्लागारांना हेच सांगितले आहे: जाहिरातीत शुल्क वजा करण्यापूर्वीचा परतावा दाखवायचा असेल, तर शुल्क वजा केल्यानंतरचा परतावाही किमान तितक्याच ठळकपणे दाखवला पाहिजे. त्याच नियमानुसार, खासगी फंड वगळता, परतावा एक, पाच आणि दहा वर्षांच्या कालावधींसाठी द्यावा लागतो, जेणेकरून कोणी आपल्या सोयीचा कालावधी निवडून त्यावर वाचकाची नजर खिळवू नये.

सोयीचा कालावधी निवडण्याची ही युक्ती फार जुनी आहे आणि फार सहज घडते. बाजार तळाला असतानाच्या दिवसापासून मोजणी सुरू केली, की कोणतीही योजना चांगलीच दिसते. आलेखातही असेच घडते: उभा अक्ष शून्याऐवजी ९८ पासून सुरू केला की दोन टक्क्यांचा चढउतार डोंगरदऱ्यांसारखा दिसतो. आलेखाच्या खाली बारीक अक्षरांत खुलासा देऊन हा दोष जात नाही, कारण डोळ्याने निष्कर्ष आधीच काढलेला असतो.

टक्का आणि टक्केवारीतील बदल यांचाही गोंधळ नेहमी होतो. व्याजदर पाचवरून सहा टक्के झाला, तर तो एका टक्क्याने वाढला असेही म्हणतात आणि वीस टक्क्यांनी वाढला असेही म्हणता येते. लिहिणाऱ्याने ‘पाच टक्क्यांवरून सहा टक्के’ असे दोन्ही आकडे दिले, की वाद उरत नाही. ‘बुडण्याची जोखीम निम्म्याने कमी’ या वाक्याचेही तसेच आहे. शंभरातील दोन कर्जदारांऐवजी एक कर्जदार कर्ज बुडवतो, हे मूळ प्रमाण दिले नाही तर ‘निम्म्याने’ या शब्दाला काहीच अर्थ राहत नाही.

भाषा हा यानंतरचा विषय. अमेरिकेच्या त्याच आयोगाने १९९८ मध्ये गुंतवणूकदारांसाठीच्या माहितीपत्रकातील मुखपृष्ठ, सारांश आणि जोखमीसंबंधीचा भाग साध्या भाषेत लिहिण्याचा नियम केला आणि त्यासोबत एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्या प्रस्तावनेत प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी सांगितले आहे की, आपल्या कंपनीचा वार्षिक अहवाल लिहिताना ते आपल्या दोन बहिणी डोळ्यांसमोर ठेवत: बुद्धिमान, पण हिशेब आणि वित्त यांतील तज्ज्ञ नसलेल्या. ही कल्पना आजही उपयोगी आहे, कारण तिच्यात वाचकाविषयीचा आदर आहे. वाचकाला कमी समजते असे गृहीत धरले की लेखन बाळबोध होते. त्याला सर्व काही माहीत आहे असे धरले की ते दुर्बोध होते. त्याची बुद्धी आपल्याइतकीच आहे आणि त्याने फक्त या विषयावर वेळ घालवलेला नाही, असे मानले तर सूर आपोआप नीट लागतो.

याचा अर्थ प्रत्येक तांत्रिक संज्ञा टाळावी असा नाही. ग्राहकाच्या खात्याच्या उताऱ्यावर जी संज्ञा छापलेली असते, तीच ईमेलमध्ये वापरावी आणि पहिल्याच वेळी तिचा अर्थ वाक्यात गुंफावा. उदाहरणार्थ, ‘रोख्यांची किंमत आणि व्याजदर यांचे नाते उलटे असते, म्हणजे नवे रोखे अधिक व्याज देऊ लागले की जुने, कमी व्याजाचे रोखे विकताना भाव कमी मिळतो.’ ज्या संज्ञेचा अर्थ एका वाक्यात सांगता येत नाही, ती त्या ईमेलमध्ये खरोखर लागते का, हा प्रश्न लिहिणाऱ्याने स्वतःला विचारावा. ‘इष्टतम’, ‘सर्वसमावेशक’, ‘मूल्यवर्धित’, ‘ग्राहककेंद्री’ हे शब्द तर बिनदिक्कत काढून टाकावेत. ते काढल्याने कोणत्याही वाक्याचा अर्थ बदलत नाही.

प्रसिद्धी-मजकुरात नियमांचा प्रश्न अधिक ठळकपणे येतो, आणि वैयक्तिक पत्रव्यवहार कधी प्रसिद्धी बनतो हे अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेतील दलाली संस्थांवर देखरेख करणाऱ्या फिन्रा या संस्थेच्या नियमानुसार, कोणत्याही तीस दिवसांत पंचवीसपेक्षा अधिक किरकोळ गुंतवणूकदारांना पाठवलेला लेखी मजकूर हा सार्वजनिक स्वरूपाचा मानला जातो आणि त्याला सामान्यतः पाठवण्यापूर्वी जबाबदार अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ब्रिटनच्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या वित्तीय नियामक संस्थेची कसोटी तीन निकषांची आहे: मजकूर न्याय्य, स्पष्ट आणि दिशाभूल न करणारा असावा. तिने ३१ जुलै २०२३ पासून लागू केलेल्या ग्राहकविषयक कर्तव्यात ग्राहकाला मजकूर समजतो की नाही, हेही पाहण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. भारतातही सेबी गुंतवणूक सल्लागारांना खात्रीशीर परताव्याचे आश्वासन देऊ देत नाही. आपल्या देशातला नियम मूळातून वाचणे आणि शंका असल्यास अनुपालन विभागाला, म्हणजे संस्थेत नियमपालन पाहणाऱ्या विभागाला, विचारणे याला पर्याय नाही.

नियमांचे पालन म्हणजे पानाच्या तळाशी अस्वीकरणाचा (जबाबदारी नाकारणारा) परिच्छेद चिकटवणे, असा समज मात्र सोडून द्यावा. ‘मागील कामगिरी ही भविष्यातील परताव्याची हमी नाही’ हे वाक्य आवश्यक असते, पण वाचकाच्या डोळ्यांना ते इतके सवयीचे झाले आहे की ते वाचलेच जात नाही. वरच्या मजकुराने जी अपेक्षा निर्माण केली, ती खालच्या बारीक अक्षरांनी मागे घेता येत नाही. त्याऐवजी ती जोखीम त्याच परिच्छेदात, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्या योजनेच्या संदर्भात लिहावी: ‘ही योजना लहान कंपन्यांच्या समभागांत पैसे गुंतवते. अशा समभागांना पडत्या काळात ग्राहक मिळणे कठीण जाते, त्यामुळे ज्या दिवशी आपल्याला पैसे हवे असतील त्या दिवशी भाव बराच खाली असू शकतो. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा येथे ठेवू नये.’ हे वाचून काही लोक निघून जातील, आणि ते योग्यच आहे; ही योजना त्यांच्यासाठी नव्हती. जे थांबतील ते पहिल्या घसरणीला पळून जाणार नाहीत.

नव्या ग्राहकांपर्यंत पोहोचण्यासाठी लेख, वार्तापत्र किंवा लहान मार्गदर्शिका लिहायची असेल, तर विषय बाजारात शोधू नये. ग्राहकांनी फोनवर आणि बैठकीत विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावेत. त्यातला प्रत्येक प्रश्न हा एका लेखाचा विषय असतो. ‘निवृत्ती नियोजन: एक आढावा’ या लेखाला वाचक नसतो, तर ‘नोकरी मध्येच सुटली तर विम्याचा हप्ता भरत राहावे का’ याला तो असतो, कारण हा प्रश्न पडलेली व्यक्ती उत्तर शोधत असते. असा लेख जितका अरुंद, तितका उपयोगी. त्यात संपूर्ण उत्तर द्यावे. अर्धे उत्तर देऊन ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधा’ असे लिहिल्याने वाचकाला फसवल्यासारखे वाटते. ज्याला लेख वाचून काम स्वतः जमले तो दुसऱ्याला आपले नाव सांगतो, आणि ज्याला आपली परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे हे लेखातून उमगले तो भेटायला येतो.

या मजकुरात काळाच्या लाटेबरोबर आलेले शब्दही जपून वापरावेत. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या आयोगाने दोन सल्लागार संस्थांवर, त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराविषयी खोटे दावे केल्यावरून, कारवाई केली. आपण जे साधन वापरतो ते नेमके काय करते, हे एका साध्या वाक्यात सांगता येत नसेल, तर त्याचा उल्लेख जाहिरातीत करू नये.

ईमेल लिहिल्यानंतर तो पोहोचावाही लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांसाठी पाठवणाऱ्याची ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करणे आणि एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय देणे सक्तीचे केले, आणि स्पॅम म्हणून तक्रार होण्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याची अट घातली. यादीतून बाहेर पडण्याचा दुवा लपवणारा पाठवणारा म्हणून स्वतःचेच नुकसान करतो: ज्याला बाहेर पडता येत नाही, तो स्पॅमचे बटण दाबतो. किती जणांनी ईमेल उघडला या आकड्यावरही आता विसंबू नये, कारण सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे, वाचकाने ईमेल न उघडताही तो उघडल्याची नोंद होऊ शकते. किती जणांनी उत्तर दिले, किती जणांनी सांगितलेले काम वेळेत केले आणि कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा आला, हे मोजणे अधिक खरे ठरते. एकच प्रश्न दहा जणांनी विचारला असेल, तर ईमेलमधले ते वाक्य नीट लिहिलेले नाही.

फसवणूक करणारे नेमके वित्तसंस्थांच्या नावानेच ईमेल पाठवतात. त्यामुळे आपला खरा ईमेल खोट्यासारखा दिसू नये याची काळजी घ्यावी लागते. घाई लावणारी भाषा, अनोळखी पत्त्यावर नेणारा दुवा, अनपेक्षित जोडपत्र आणि पासवर्ड किंवा खात्याचा पूर्ण क्रमांक मागणारी ओळ ही खोट्या ईमेलची लक्षणे आहेत, आणि आश्चर्य म्हणजे अनेक खऱ्या ईमेलमध्येही ती आढळतात. पैसे हलवण्याची सूचना केवळ ईमेलवर स्वीकारली जाणार नाही, ती आधीपासून नोंदलेल्या फोन क्रमांकावर खात्री करूनच पूर्ण केली जाईल, हे ग्राहकाला आधीच लिहून कळवावे आणि हा नियम कधीही मोडू नये.

लिहिलेले सारे जपून ठेवावे लागते, ही या व्यवसायाची आणखी एक अट आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वॉल स्ट्रीटवरील सोळा संस्थांना, त्यांचे कर्मचारी खासगी फोनवरील संदेशांतून कामाचे बोलत होते आणि ते संदेश जतन केलेले नव्हते म्हणून, अमेरिकेच्या आयोगाने एकत्रित १.१ अब्ज डॉलरहून अधिक दंड केला. ग्राहकाने व्यक्तिगत संदेशातून प्रश्न विचारला तर त्याला तिथे थोडक्यात पोच द्यावी आणि उत्तर अधिकृत ईमेलवर द्यावे. फोनवरच्या महत्त्वाच्या बोलण्यानंतरही त्याच दिवशी चार ओळी लिहून पाठवाव्यात: काय ठरले, कोणी काय करायचे, कधीपर्यंत, आणि कोणती जोखीम चर्चेत आली. या चार ओळी नोंद म्हणून उपयोगी पडतातच, पण त्यांचा मोठा उपयोग असा, की ग्राहकाने काही वेगळेच ऐकले असेल तर ते पैसे हलण्यापूर्वी लक्षात येते.

संस्थेकडून चूक झाल्याचे कळवणारा ईमेल वकिलाच्या भाषेत लिहिण्याचा मोह सर्वांत प्रबळ असतो. ‘काही तांत्रिक कारणास्तव काही व्यवहारांत विसंगती आढळून आली’ या वाक्यात कर्ता नाही, रक्कम नाही आणि उपायही नाही. ‘आपली मंगळवारची खरेदीची सूचना आम्ही गुरुवारी पूर्ण केली. त्यामुळे आपल्याला वाढलेल्या भावाने खरेदी करावी लागली. भावातील हा फरक आम्ही सोमवारपर्यंत आपल्या खात्यात जमा करू. आपल्याला वेगळा अर्ज करावा लागणार नाही’ असे लिहिण्यापूर्वी अनुपालन विभागाची संमती घ्यावी लागेल, आणि फरकाची नेमकी रक्कमही त्यात भरावी लागेल. ती संमती मिळवण्यासाठी एक दिवस लागला तरी चालेल, पण ग्राहकाला ती चूक स्वतःच्या उताऱ्यात सापडण्यापूर्वी हा ईमेल त्याच्याकडे पोहोचलेला असावा.